येते हं

"जाते," मी म्हणाले. "एवढंच म्हणायचंय, आक्का. जाते. दोन अक्षरं."

"कळलं की," इंदाक्का म्हणाली. "मी काय बहिरी हाय?"

"मग म्हणा."

इंदाक्का शेडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मी माझ्या जागेवर, तिच्याकडे पाठ करून बसले. समोर इरफाननं कॅमेऱ्याला डोळा लावला. बाहेर मार्च महिन्यातलं टळटळीत ऊन होतं आणि आत हिरव्या जाळीतून गाळून आलेला उजेड. त्या उजेडात माझे स्वतःचे हातसुद्धा मला आजारी माणसाचे वाटत होते.

"ॲक्शन."

पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग मागून इंदाक्काचा आवाज आला, अगदी रोजचा, घरगुती.

"येते हं."

"कट," मी म्हणाले. हा सातवा टेक होता.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि तासगावात माझी ओळख 'मगदुमांची भुताटकीवाली पोरगी' अशी होती. ही ओळख काही कौतुकानं मिळालेली नव्हती. भीतीच्या छोट्या फिल्मा करायच्या हे वेड माझ्या डोक्यात कॉलेजपासून होतं, आणि तोवर मी तीन करून गावाला दाखवल्याही होत्या. पहिलीत भूत पैंजण वाजवत विहिरीकडून येतं, तर मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "म्हैस सुटली रं!" दुसरीत मी भुताच्या तोंडाला पावडर थापली. "गिरणीतनं थेट आलीया," असं एक बाई म्हणाली आणि अख्खं सभागृह आडवं झालं. तिसरी मी इतकी काळोखात चित्रित केली की पडद्यावर काही दिसेचना. लोक दोन मिनिटं शांत बसले, तेव्हा मला वाटलं की जमलं. मग एक म्हातारा म्हणाला, "लाईट गेली का?"

बाकीचे हसले त्याचं मी मनावर घेतलं नसतं. पण तिसऱ्या वेळी आप्पाही हसले. माझे वडील, वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे मालक, चारचौघांत कधी दात न दाखवणारे, ते खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून हसत होते. तोंड दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते, आणि मी दाराशी उभी राहून ते बघत होते.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा रिकामी आहे. मी शब्द टाकलाय."

"आप्पा, अजून एक करू दे मला."

"आणि परत हसले तर?"

"तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत हजर होते. पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढणार नाही."

आप्पांनी मान हलवली. दुकानदार माणूस, शब्द एकदा घेतला की विसरायचे नाहीत.

इरफान मुजावरचीही तीच गत होती. तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा आणि माझ्या हट्टापायी माझ्या फिल्मा काढायचा. तिसऱ्या फिल्मनंतर एका नवरीच्या बापानं त्याला बजावलं होतं, "बाबा, आमच्या पोरीला भूत करू नकोस." त्यानं मला स्पष्टच सांगितलं, "पद्माताई, ही शेवटची. ह्या खेपेला हसले तर मला माफ करा. माझं गावात नाव हाय."

अंधारात काही दिसत नाही ना, मग चौथी भर उन्हात काढायची, असं मी चिडून ठरवलं. आधी नुसती चीडच होती. मग मला आठवलं की आमच्याकडे भर बाराच्या उन्हात पोरांना विहिरीवर पाठवत नाहीत. भुतांना रात्रच लागते असं आमच्या गावात कोणी मानतच नव्हतं. ते मीच कुठूनतरी शिकून आले होते.

जागा होती माझ्या मामांची बेदाण्याची शेड. द्राक्षं वाळवायला जाळ्यांचे थरावर थर, दहा-अकरा मजले, आणि चहूबाजूंनी हिरव्या जाळीचे पडदे. एक माल उतरला होता आणि दुसरा यायचा होता. मामा म्हणाले होते, "तीनला ट्रॅक्टर येतील. त्याच्या आत तुझं काय ते उरक." उन्हाचा पट्टा शेडच्या तोंडातून सरळ आत येतो तो साडेबारा ते दीड एवढाच. म्हणजे माझ्या हातात एक तास होता, आणि त्यातली पंचवीस मिनिटं इंदाक्कानं खाल्ली होती.

इंदाक्का ही शेडवरच्या बायकांची मुकादम. साठीला टेकलेली, उंचीला बेताची, आवाज मात्र असा की द्राक्षाच्या बागेच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाची बाई दचकून कामाला लागायची. भूत म्हणून मी तिला घेतलं तेव्हा इरफाननं डोक्याला हात लावला. "आक्काला बघून कोण भिणार? गाव रोज बघतंय तिला." पण मला तेच हवं होतं. भुतासारखी दिसणारी बाई मी दोनदा करून बघितली होती. आता मला शेजारच्या बाईसारखं दिसणारं भूत हवं होतं.

सिनेमाची गोष्ट साधी होती. शेडवर काम करणारी एक सून. तिची सासू मागच्या हंगामात वारलेली, नव्या बेदाण्याची चव न घेता. सगळ्या बायका जेवायला गेल्या की भर दुपारी सासू येते, सुनेच्या शेजारी बसते, काहीबाही बोलते. सून घाबरून अर्धी झालेली. शेवटी सून पहिला मूठभर बेदाणा तिच्यासमोर ठेवते. सासू खाते, उठते, दाराशी जाते, "जाते" म्हणते आणि कायमची निघून जाते. सून सुटकेचा श्वास टाकते. संपलं. नावही ठरलं होतं, 'मुक्ती'. सुनेचं काम मीच करत होते, कारण आणखी कोणी तयार झालं नाही.

बाकी सगळं काम इंदाक्कानं झोकात केलं. बेदाणा खाताना तर इरफान कॅमेऱ्यामागून डोकं काढून तिच्याकडे बघायला लागला. सवयीनं तो एकदा "आक्का, जरा इकडं बघा, हसा" म्हणून गेला, तेवढंच. अडलं ते शेवटच्या शब्दापाशी.

"आक्का," मी उठून तिच्याजवळ गेले, "तुम्ही 'येते' का म्हणताय?"

"मग काय म्हणू?"

"कागदावर काय लिहिलंय?"

"कागदावर लिहायला तुझं काय जातंय? दारातनं निघताना 'जाते' म्हणतं का कोण? तुझी आई म्हणती?"

"आई जिवंत आहे. तुम्ही सिनेमात मेलेल्या आहात."

"मेले तरी रीत सोडू व्हय?"

इरफान कॅमेऱ्यामागे फिसकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच लेन्स पुसायला लागला.

"हे बघा," मी आवाज शक्य तेवढा मऊ केला, "तुम्ही आता परत येणार नाही. कायमच्या चाललाय. सुनेला ते कळायला पाहिजे. बघणाऱ्यांना कळायला पाहिजे. तुम्ही 'येते' म्हटलंत तर सगळा घोटाळा होईल."

"आणि 'जाते' म्हटलं तर माझ्या जिभेचा घोटाळा हुईल. एवढी साठ वर्षं वापरली न्हाई ती."

"एकदाच. माझ्यासाठी."

इंदाक्कानं माझ्याकडे बघितलं. माझं काय अडकलंय ते तिला ठाऊक होतं. शाळेचं, आप्पांचं, सगळं. गावात कोणाला ठाऊक नव्हतं? तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "बस जा जागेवर. म्हणते."

आठवा टेक. ती दाराशी गेली. मी पाठ करून बसले. मागे तिनं श्वास घेतलेला ऐकू आला.

"जा..." ती म्हणाली. मग खोकली. "जा... जाऊन येते."

नवव्याला ती "जाते" असं म्हणाली खरी, पण इतक्या दबक्या आवाजात, आणि लगेच दोन्ही कानशिलांवर बोटं मोडून घेतली. भूत स्वतःचीच दृष्ट काढून घेतंय हे बघून इरफान कॅमेरा सोडून खालीच बसला.

मला रडू यायचं बाकी होतं. उन्हाचा पट्टा सरकत सरकत माझ्या गुडघ्यांवरून मांडीकडे आला होता. अजून दहा मिनिटांत तो माझ्या अंगावरून उतरून बाजूच्या जाळ्यांवर गेला असता आणि मग सगळंच गेलं असतं.

"ताई, एक सांगू?" इरफान म्हणाला. "आक्काला जे म्हणायचंय ते म्हणू द्या. लांबून तोंड कुठं दिसतंय नीट? नंतर तुमच्या आवाजात 'जाते' टाकू वरनं."

"माझ्या तोंडात दुसरीचा आवाज?" इंदाक्का तिकडून म्हणाली.

"लग्नात न्हाई का आम्ही भटजीच्या आवाजावर गाणं टाकत?"

दुसरा मार्गच नव्हता. "ठीक आहे," मी म्हणाले. "आक्का, काय वाटेल ते म्हणा. फक्त सहज म्हणा, आणि पडद्याबाहेर निघून जा. इरफान, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. माझा चेहरा हवाय शेवटी. सुटकेचा."

दहावा टेक सुरू झाला तेव्हा मी सिनेमात नव्हतेच. मी ट्रॅक्टरचा विचार करत होते. डबिंग कुठे करायचं, माझा आवाज साठीच्या बाईसारखा कसा काढायचा, शाळेत पहिल्या दिवशी कुठली साडी नेसायची, असले विचार चालू होते. हात आपोआप रिकाम्या जाळीवरून फिरत होते, द्राक्षं पसरल्यासारखे. डोक्यावर पत्रा तडतडत होता. कुठेतरी एक होला घुमत होता.

मागून इंदाक्काचा आवाज आला.

"येते हं."

"या," मी म्हणाले.

आणि माझे हात थांबले.

मी ते बोलले होते. न ठरवता, न वळता, आईनं मला लहानपणापासून शिकवलं होतं तसं. कोणी 'येते' म्हटलं की 'या' म्हणायचं. दारातून निघणाऱ्या माणसाला तसंच सोडायचं नाही. कामात असलीस तर बसल्या जागेवरून म्हण, पण म्हण. हे मी आयुष्यात हजारो वेळा म्हटलं असेल, आणि एकदाही त्या शब्दाचा अर्थ माझ्या मनात आला नव्हता.

आता आला. मी तिला या म्हटलं होतं.

माझ्या मागे इंदाक्का होती. तिच्या कमरेला मिश्रीची डबी होती, तिच्या पायात मामीच्या जुन्या चपला होत्या, सकाळी तिनं माझ्याच डब्यातला झुणका खाल्ला होता. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझी मान वळेना. पाठीवरून, साडीच्या काठाखालून, घामाचा एक थेंब सरकत खाली चालला होता आणि तो मला बर्फाचा वाटत होता. जाळीचा पडदा हलून पुन्हा जागेवर पडल्याचा आवाज आला. ती गेली. ती गेली हे कळल्यावर मला आणखीच भीती वाटली, कारण आता ती कधीही येऊ शकत होती.

किती वेळ मी तशी बसले होते मला माहीत नाही. नंतर फुटेजमध्ये मोजलं तर एकेचाळीस सेकंद. मी 'कट' म्हटलंच नाही. ते दुरून आलेल्या ट्रॅक्टरच्या भोंग्यानं म्हटलं.

पडदा बाजूला सारून इंदाक्कानं डोकं आत घातलं. "काय झालं गं पदमे? बरोबर म्हटलं का ह्या खेपेला?"

मी इरफानकडे बघितलं. तो कॅमेऱ्यामागून सरळ झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा लग्नातला माणूस पार निघून गेला होता.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही तिला बोलवलंत."

मामांचे ट्रॅक्टर तीनच्या ऐवजी दीडलाच आले होते. पुन्हा टेक घेणं शक्य नव्हतं, आणि मला घ्यायचाही नव्हता.

पुढचे पंधरा दिवस आम्ही इरफानच्या दुकानात संकलन केलं. तो फोटोंच्या गिऱ्हाइकांना बाहेर बसवायचा आणि आत येऊन म्हणायचा, "शेवटाला एक ढँण् टाकू या." मी म्हणायचे नाही. "बरं, वाऱ्याचा आवाज?" नाही. "एखादं कुत्रं?" काही नाही. तो पत्रा आणि तो होला एवढंच राहू दे. गोष्ट तीच होती, बेदाणा तोच, सासू तीच. फक्त सुटकेच्या जागी ते दोन शब्द होते आणि माझा चेहरा होता. तो चेहरा मी अभिनय करून कधीच आणू शकले नसते. 'मुक्ती' हे नाव मी खोडलं आणि 'येते हं' लिहिलं.

"लोकांना कळंल का?" इरफाननं शेवटच्या दिवशी विचारलं.

"तुला कळलं ना?"

"मला कळलं. पण मी हितं एकटा होतो. तिथं दोनशे असतील, आणि आक्काला बघितल्याबरोबर सुरू होतील."

मलाही तीच भीती होती.

मुहूर्त नसलेला रविवार बघून मंगल कार्यालय मिळालं. तिथले मॅनेजर बाबर म्हणजे इरफानच्या रोजच्या ओळखीतले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि कार्यक्रम कोणाचाही असो, संपला की दाराशी हात जोडून उभे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला "या, या" म्हणायचे. अनोळखी माणसालाही म्हणायचे. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

सकाळी अकराला खिडक्यांना सतरंज्या लावून आम्ही अंधार केला. सगळं गाव आलं होतं. कशाला आलं होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. फुकटात हसायला मिळत असेल तर कोण सोडतं? इंदाक्का नवं इरकल नेसून पुढच्या खुर्चीवर बसली होती. तिसऱ्या रांगेत आप्पा होते, खांद्यावर टॉवेल. मी दाराशी उभी राहिले आणि पडद्याकडे बघायचंच नाही, टॉवेलाकडे बघायचं असं ठरवलं.

फिल्म सुरू झाली. जाळीचा पडदा सरकवून इंदाक्का आत आली आणि इरफान म्हणाला होता तसंच झालं. शिट्टी पडली. "आक्का आली, कामाला लागा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे खदखदले. खऱ्या इंदाक्कानं मागे वळून "गप बसा की मेल्यांनो" म्हटलं, त्यावर आणखी हशा झाला. आप्पांचा हात टॉवेलाकडे गेला. टॉवेलाचं टोक त्यांनी मुठीत धरलं.

माझ्या डोळ्यांसमोर चित्रकलेच्या बाईंचं टेबल आलं. त्यावरची खडूची डबीसुद्धा दिसली.

पडद्यावर सासू सुनेच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हात उचल जरा, ऊन उतरायला लागलं." ही इंदाक्काची रोजची बोली होती, शेडवरच्या प्रत्येक बाईनं ऐकलेली. पुन्हा थोडे हसले, पण मागच्या बाजूला बसलेल्या शेडवरच्या बायका हसल्या नाहीत. मग बेदाणा आला. सासूनं एकेक दाणा उचलून खाल्ला, कसलीही घाई नाही. सभागृह हळूहळू शांत झालं. ती शांतता कंटाळ्याची होती की कसली, ते मला ठरवता येईना. सासू उठली. दाराशी गेली. सुनेची तिच्याकडे पाठ, तोंड आमच्याकडे.

"येते हं."

आणि सभागृहात, खरंच सांगते, दोन-तीन बायका पडद्यावरच्या माझ्याआधी हळूच म्हणाल्या, "या."

सवयीनं म्हणाल्या. मग पडद्यावर मी म्हटलं. मग माझे हात थांबले, आणि त्या बायकांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवले.

एकेचाळीस सेकंद माझा चेहरा आणि मागे हलणारी हिरवी जाळी. कोणी खोकलं नाही. आप्पांच्या मुठीत टॉवेल तसाच होता. तो वर गेला नाही.

इरफाननं सतरंज्या काढल्या. लख्ख ऊन आत आलं, बाराचं. टाळी पडली नाही. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. क्षणभर माझा धीर खचला. हसणं परवडलं, पण हे काय? मग पहिला माणूस दाराशी पोचला आणि मला कळलं.

तो आमच्या गल्लीतला शिंपी, काशीद. दाराशी बाबर हात जोडून उभे होते. काशिदांनीही हात जोडले. तोंड उघडलं, "ये..." म्हणाले आणि थांबले. बाबरांचेही ओठ उघडले होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तीस वर्षं ह्याच दारात त्यांनी एकमेकांचा निरोप घेतला असेल. काशीद "बरंय मग," असं काहीतरी पुटपुटले आणि पायऱ्या उतरले. त्यांच्यामागच्या बाई नुसती मान हलवून गेल्या. त्यांच्यामागचा एक जण चप्पल शोधण्याच्या निमित्तानं वाकला तो वाकूनच बाहेर पडला. बाबरांचे हात जोडलेले होते आणि तोंड उघडं होतं, पण त्या दिवशी त्यातून एकदाही 'या' आलं नाही.

त्यानंतरच्या चौदा वर्षांत मी अकरा भयपट केले. परदेशात दाखवले, बक्षिसं घेतली, मोठ्या थिएटरात लोकांना किंचाळताना ऐकलं. 'येते हं'ही फिरली, पण त्या शेवटच्या दोन शब्दांचं भाषांतर कोणालाच नीट करता आलं नाही, आणि मी ते फार मनाला लावून घेतलं नाही. ते ज्यांच्यासाठी होतं त्यांना कळलं होतं. माणसाच्या तोंडातला रोजचा शब्द मी काढून घेतला होता. माझ्या गावाला मी घाबरवलं होतं, भर दुपारी, पावडर न लावता. ह्याचा मला आजही अभिमान वाटतो आणि तो सांगायला मी लाजत नाही.

त्या दुपारी मी दाराशीच उभी होते, तेव्हा आप्पा आले. टॉवेल अजून मुठीतच होता.

"उद्या मी शाळेत जातो," ते म्हणाले.

"तुम्ही? कशाला?"

"सांगायला. ती यायची नाही म्हणून."

त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, चपला घातल्या आणि निघताना माझ्याकडे वळून सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. "दुकान उघडायचंय," ते म्हणाले, आणि जरा भरभरच पायऱ्या उतरले.

सगळ्यात शेवटी इंदाक्का आली. इरकलाच्या निऱ्या सावरत, नव्या नवरीसारखी सावकाश. पायऱ्यांवर अजून चाळीस-पन्नास माणसं घुटमळत होती.

"झकास झालं," ती मला म्हणाली. "माझा रंग जरा काळा आलाय. पण झकास." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "चल, स्वयंपाक पडलाय. येते हं."

पायऱ्यांवरची सगळी माणसं जागच्या जागी थांबली. सगळ्यांनी मान वळवली ती तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

तासगावातली सगळ्यात जास्त घाबरलेली प्रेक्षक मीच होते.

इंदाक्का थांबली. वाट बघितली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "काय गं? म्हण की."

"या," मी म्हणाले. "या, आक्का."

"हां," ती म्हणाली आणि निघाली. ती पहिल्या पायरीवर आली तशी माणसं बाजूला झाली. दुसऱ्या पायरीवरची भिंतीला चिकटली. बाजारात रोज तिला कोपरानं ढकलून पुढे जाणारी ती माणसं, त्यांनी तिला खालपर्यंत रुंद वाट करून दिली. अर्ध्यावर इंदाक्का थांबली आणि तिनं दोन्ही बाजूंना बघितलं.

"सरकताय कशाला?" ती म्हणाली. "मी काय मेलेय व्हय?"

कोणीही हसलं नाही.